स्टफ्ड कुकी फुटू नये म्हणून सारण आधी गोठवा
मोठी रंगीत कुकी ओव्हनमध्ये गेली की फुटते आणि आतलं चॉकलेट ट्रेभर पसरतं, यावर सारण गोठवून भरणं हाच उपाय मला खरा लागू पडला.

१. चॉकलेट स्प्रेडचे चमचाभर गोळे बटर पेपरवर टाकून २ तास फ्रीझरमध्ये, एकदम कडक व्हायला हवेत.
२. पिठात जेल कलरच घाला, पातळ रंगाने पीठ सैल होतं.
३. साधारण १०० ग्रॅम पिठाच्या दोन चकत्या करून मध्ये गोळा ठेवा, कडा नीट दाबा, परत अर्धा तास फ्रीजमध्ये आणि मग १८० डिग्रीला १५ मिनिटांच्या आसपास, कडा सेट झाल्या की बाहेर काढा.

गरम कुकी उचलू नका, तुटते, आणि आतलं चॉकलेट जीभ भाजेल इतकं तापलेलं असतं, मुलांना २० मिनिटं तरी थांबवा.