नवा फोन घेतलात? मग या चुका टाळा

नव्या फोनच्या स्क्रीनवरची पातळ फिल्म सोलताना वाटणारा आनंद खराच. पण त्या उत्साहात तासाभरात सिम हलवलं जातं, जुना फोन रिसेट होतो आणि संध्याकाळी कळतं की चॅट्स गेले, पैसे पाठवता येत नाहीत. यात फोनचा दोष क्वचितच असतो. कामांचा क्रम चुकलेला असतो. जुना फोन निदान आठवडाभर चालू ठेवा.

ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये हीच अडचण येते. डिलिव्हरीवाला दारात उभा असतो आणि जुना फोन तिथल्या तिथे द्यावा लागतो. दोन्ही फोन एकत्र हाताशी नसतातच. घरातल्या मोठ्यांसाठी फोन घेत असाल तर हजार-दोन हजार कमी मिळाले तरी एक्स्चेंज टाळा, असंच आम्ही सांगू.

व्हॉट्सअ‍ॅप: ‘स्किप’ दाबणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. नव्या फोनवर नंबर टाकला, ओटीपी आला, रिस्टोअरचा पर्याय दिसला आणि घाईत ‘स्किप’ दाबलं. आता नव्या फोनवर रिकामं व्हॉट्सअ‍ॅप आहे. ऑटो बॅकअप चालू असेल तर तो सहसा रात्री दोनच्या सुमारास होतो आणि रिकाम्या चॅट्सचा बॅकअप गूगल खात्यातल्या जुन्या बॅकअपची जागा घेतो. म्हणून स्किप झालंच, तर नव्या फोनवर बॅकअप होऊ देऊ नका. अ‍ॅप लगेच काढून पुन्हा टाका आणि या वेळी रिस्टोअर निवडा.

रिस्टोअर दिसतच नसेल तर नव्या फोनवर गूगल खातं वेगळं आहे का, ते बघा. नंबर आणि खातं दोन्ही जुनीच लागतात. आई-वडिलांच्या फोनवर ते खातं बरेचदा दुकानदाराने उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. जुन्या फोनवर खातं लॉगिन आहे तोवरच पासवर्ड बदलून वहीत लिहून ठेवा. फोटो, जीमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून फुकटची जागा १५ जीबी. ती भरली असेल तर शेवटचा बॅकअप सहा महिन्यांपूर्वीचा निघू शकतो. तारीख तपासा.

दोन्ही अँड्रॉइड फोन जवळ असतील तर क्लाउडची गरजही नाही. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स असं जा आणि नव्या फोनवर दिसणारा क्यूआर कोड स्कॅन करा. दोन्हीकडे वायफाय चालू हवं. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना मात्र ‘मूव्ह टू आयओएस’ हे अ‍ॅपलचं डेटा हलवायचं अ‍ॅप आयफोनच्या पहिल्या सेटअपमध्येच वापरायचं असतं. सेटअप उरकून बसलात तर चॅट्स आणण्यासाठी आयफोन रिसेट करावा लागतो.

यूपीआय: ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’

यूपीआय अ‍ॅप तुमच्या सिमवरून आपोआप एक एसएमएस पाठवून नंबर पडताळतं. तो बाहेर गेला नाही की हा संदेश येतो. बँकेत नोंदवलेलं सिम याच फोनमध्ये आहे ना? दोन सिम असतील तर योग्य तेच निवडलंय ना? सिममध्ये एसएमएसपुरता बॅलन्स आहे ना? वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पुन्हा करून बघा. पिन नवा लागत नाही, जुनाच चालतो. नव्या फोनवर पहिले २४ तास (आयफोनवर ७२ तास) मर्यादा साधारण ५,००० रुपयांची असते, त्यामुळे भाडं किंवा फी भरायच्या दिवशी फोन बदलू नका.

त्याच नंबरचं नवं सिम किंवा ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच असलेलं सिम) घेतलं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात. बँकेचा ओटीपीही येत नाही. सिम आणि फोन एकाच दिवशी बदलू नका.

गरम होणं, बॅटरी उतरणं

पहिले दोन-तीन दिवस अ‍ॅप्स अपडेट होत असतात, फोटो उतरत असतात. फोन कोमट लागला तर घाबरू नका. आधी आठ तास चार्जिंगला लावायचा सल्ला जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचा, लिथियमला त्याची गरज नाही. जुन्या चार्जरने फोन चार्ज होतो, फक्त सावकाश. स्क्रीनवर संरक्षक ग्लास लावल्यावर बोटाचा ठसा चालेना, तर ग्लासवरूनच पुन्हा नोंदवा.

जुना फोन देताना

नंबर सिममध्ये किंवा फोनमध्येच सेव्ह आहेत का बघा. असतील तर आधी गूगल खात्यात हलवा. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधले (लॉगिनसाठी कोड देणारं अ‍ॅप) कोड ट्रान्सफर करा. मग सेटिंग्जमधून गूगल खातं काढा आणि त्यानंतरच फॅक्टरी रिसेट. खातं न काढता रिसेट केलात तर पुढच्या माणसाकडे फोन तुमचा पासवर्ड मागत अडकू शकतो. मेमरी कार्ड काढायला विसरू नका. घरातले फोटो बहुतेक तिथेच असतात.