अमेरिकेत मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये व्हेज खाताना हे आधी विचारा

अमेरिकेत नवीन आलेल्या पक्क्या व्हेजवाल्यांसाठी सांगतेय, मेनूवर बीन्स आणि राइस दिसलं की आपल्याला वाटतं चला हे तर आपलंच जेवण, पण खरी गडबड तिथेच असते. रिफ्राइड बीन्स बऱ्याच ठिकाणी लार्डमध्ये म्हणजे डुकराच्या चरबीत परततात आणि तो लालसर राइस चिकन स्टॉकमध्ये म्हणजे कोंबडी उकळलेल्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, वरून बघून काहीच कळत नाही. म्हणून नुसतं "व्हेज आहे का" विचारून थांबू नका, लार्ड आहे का, चिकन स्टॉक आहे का असं नाव घेऊन विचारा, आणि स्टाफ स्पॅनिश बोलणारा असेल तर लार्डला मांतेका म्हणायचं.

शनिवारी रात्री म्युझिक आणि गर्दीत कोणाला काही ऐकू जात नाही, तेव्हा सरळ फोनवर टाइप करून दाखवा किंवा दुपारीच फोन करून विचारून घ्या.

टॉर्टिया म्हणजे तिथली पातळ पोळी शक्यतो मक्याचा मागा, तो साधारण मका, चुना आणि पाणी एवढ्यावरच होतो, मैद्याच्या टॉर्टियात लार्ड असू शकतं. मोले म्हणजे सुक्या मिरच्या-मसाल्यांच्या दाट सॉसमध्येही बरेचदा स्टॉक असतो. ग्वाकामोले म्हणजे ॲव्होकाडोची चटणी मात्र बिनधास्त घ्या, आणि राहास म्हणजे भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या क्रीममध्ये, त्या मिळाल्या तर सोडूच नका, फार सुंदर लागतात (यातही स्टॉक नाही ना एवढं विचारा). नारिंगी साल्सा म्हणजे तिथली चटणी आधी थेंबभरच चाखा, हाबानेरो या जहाल मिरचीचा असला तर कोल्हापूरकरांनाही घाम फुटेल.