डायोड सगळ्यात शेवटी: मार्ससाठी हॅम सेट तयार करताना

मार्सच्या सदस्यत्वाचं पत्र हातात पडेपर्यंत हॅम सेटचं, म्हणजे हौशी रेडिओ संचाचं, झाकण उघडू नये. बहुतेकांची गाडी उलट्या दिशेने सुटते: आधी व्हिडिओ पाहून हॅम बँडबाहेरचं (हौशींना नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सींबाहेरचं) प्रसारण अडवणारा डायोड काढला जातो, मग अर्ज भरला जातो, आणि मग कळतं की आपल्या कामाला तो सेट पुरतच नाही. मार्स, म्हणजे मिलिटरी ऑक्झिलियरी रेडिओ सिस्टिम, ही अमेरिकी सैन्यदलांच्या मदतीला स्वयंसेवक हॅम (हौशी रेडिओचालक) उभे करणारी व्यवस्था. तिची मुळं 1925 पर्यंत जातात. व्हिएतनाम युद्धात तिथल्या सैनिकांचं घरच्यांशी फोनवर बोलणं याच हॅममंडळींनी रेडिओवरून जोडून दिलं. आजचं नाव 2009 चं. नौदलाची शाखा 2015 मध्ये बंद झाली, आता लष्कर आणि हवाई दल अशा दोन शाखा आहेत. मार्सच्या फ्रिक्वेन्सी हॅम बँडच्या बाहेर असतात. त्या एफसीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या नागरी दूरसंचार नियामकाच्या, अखत्यारीत येत नाहीत, अमेरिकी केंद्र सरकारच्या वापरासाठी एनटीआयए या सरकारी फ्रिक्वेन्सी सांभाळणाऱ्या संस्थेकडून मिळतात. म्हणून हॅमचं लायसन्स कितीही वरचं असलं तरी ते तिथे चालत नाही. चालतं ते मार्सने दिलेलं कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव), आणि तेही नेमून दिलेल्या कामापुरतं.

कागदांपासून सुरुवात करा. एफसीसीचं लायसन्स चालू आहे ना, त्यावरचा पत्ता बरोबर आहे ना, हे पाहून घ्या. टेक्निशियन या सुरुवातीच्या वर्गाला एचएफवर (3 ते 30 मेगाहर्ट्झ) फार थोडी मोकळीक असते, त्यामुळे निदान जनरल वर्गाची 35 प्रश्नांची परीक्षा देऊन टाकलेली बरी, नाहीतर सराव करणार कुठे? अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक खुलासा. एफसीसीचं लायसन्स काढायला अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही, एच-1बी वर असलेलेही ते काढतात. मार्स ही संरक्षण खात्याची व्यवस्था असल्याने तिची पात्रता वेगळी असते. व्हिसावर असाल तर आपल्या राज्याच्या मार्स संचालकाला आधी विचारा, सेटवर एक डॉलरही खर्च करण्याआधी. फेमा या अमेरिकी आपत्ती-व्यवस्थापन संस्थेचे आयएस-100 आणि आयएस-700 हे फुकट ऑनलाइन अभ्यासक्रम करून प्रमाणपत्रं पीडीएफमध्ये ठेवा, आपत्कालीन कामात ती कधी ना कधी मागितली जातातच. सदस्यत्व मिळालं की पत्राची एक प्रत सेटजवळच्या फाइलमध्ये आणि एक फोनमध्ये ठेवावी. काही कंपन्या ते पत्र पाहिल्याशिवाय बदलाची माहिती किंवा सॉफ्टवेअरची किल्ली देत नाहीत. मिळालेल्या फ्रिक्वेन्सींची यादी मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. ती जाहीर करायची नसते.

बाजारात डायोड काढण्याच्या या बदलाला सरसकट ‘मार्स-कॅप मॉड’ म्हणतात, त्यातला ‘कॅप’ आता दिशाभूल करणारा आहे. सिव्हिल एअर पेट्रोल (कॅप) ही हवाई दलाची स्वयंसेवी शाखा व्हीएचएफवर (30 ते 300 मेगाहर्ट्झ) एनटीआयएच्या मानकांत बसणारेच सेट वापरू देते, आणि डायोड काढलेला हॅमचा हँडी (हातातला सेट) त्यात बसत नाही. त्याचं प्रसारण रुंद असतं, फ्रिक्वेन्सीची अचूकताही अपुरी पडते. तेव्हा जुना व्हीएचएफ सेट ‘कॅपसाठी’ उघडायला घेतला असेल तर तो बंद करून जागेवर ठेवा. या लेखातलं पुढचं सगळं एचएफबद्दल आहे. आणखी एक गैरसमज आधीच काढून टाकू: बदललेला सेट जीएमआरएस (कौटुंबिक वापराची रेडिओ सेवा), सागरी किंवा विमानांच्या बँडवर बोलायला कायदेशीर होत नाही. तिथे प्रमाणित सेटच लागतो.

आता सेट उघडण्याआधीची मोजणी. हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही. सेट अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ द्या. मग कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचं वेळ-प्रसारण स्टेशन डब्ल्यूडब्ल्यूव्ही 10 मेगाहर्ट्झवर लावा. डायल 9.999 वर ठेवून यूएसबी (अप्पर साइडबँड) मोड निवडा. वाहक लहर बरोबर 1000 हर्ट्झच्या सुरासारखी ऐकू यायला हवी. संगणकाच्या वॉटरफॉलवर (सूर कुठे आहेत ते दाखवणाऱ्या आलेखावर) ती 1004 वर दिसली तर सेट 4 हर्ट्झने चुकतोय. त्या स्टेशनचे स्वतःचे 500 आणि 600 हर्ट्झचे सूरही या मांडणीत 1500 आणि 1600 वर उमटतात, त्यांनाच वाहक समजून सेट बिघडवू नका. मार्सच्या डिजिटल मोडना काही हर्ट्झचीच चूक चालते. टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी न सरकणारा क्रिस्टल ऑसिलेटर) असलेला ±0.5 पीपीएमचा (दशलक्षात अर्धा भाग) सेट 5 मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त 2.5 हर्ट्झ सरकतो. साध्या क्रिस्टलवरचा ±4 पीपीएमचा सेट तिथेच 20 हर्ट्झ आणि 10 मेगाहर्ट्झवर 40 हर्ट्झ सरकू शकतो. याएसूच्या एफटी-857डी साठी टीसीएक्सओ-9 हा सुटा भाग येतो. तो बसवायचा असेल तर डायोडच्याच वेळी बसवा, झाकण दोनदा उघडायचं कशाला?

दुसरी मोजणी फिल्टरच्या रुंदीची, आणि इथे चांगले चांगले सेट अडतात. मार्सचं बरंचसं काम मिल-स्टँडर्ड 188-110ए या सीरियल-टोन मोडेमवर चालतं. त्याचा मधला सूर 1800 हर्ट्झ, गती 2400 चिन्हं प्रति सेकंद. म्हणजे ऑडिओ साधारण 300 ते 3300 हर्ट्झपर्यंत सपाट जायला हवा. जुन्या सेटमधला 2.4 किलोहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर दोन्ही कडा कापतो आणि मग सिग्नल जोरात असूनही अक्षरं फुटतात. डीएसपीवाल्या (आकडेमोडीने सिग्नल गाळणाऱ्या) सेटमध्ये डेटा मोडसाठी ऐकण्याची आणि पाठवण्याची रुंदी वेगवेगळी लावावी लागते. पाठवण्याची सेटिंग मेनूत खोलवर असते आणि तीच लोक विसरतात. आयकॉमच्या आयसी-7300 मध्ये पाठवण्याची वरची मर्यादा 2900 आहे. कमी वेगांना ते निभतं, 2400 बिट प्रति सेकंदाला काठावर येतं. एएलई, म्हणजे स्टेशनांची जोडणी आपोआप करणारा मोड, त्याचं दुखणं यापेक्षा हलकं, त्याचे आठ सूर 750 ते 2500 हर्ट्झच्या आत मावतात. ऑटो-नॉच, नॉइज रिडक्शन आणि स्पीच कॉम्प्रेसर मात्र दोन्ही मोडना बंदच हवेत. नॉचचं कामच एकसुरी आवाज शोधून खाण्याचं, तो एएलईचे सूर नेमके गिळतो.

या दोन्हीत सेट पास झाला की मगच हत्यारं काढा. तापमान बसवता येणारी सोल्डरिंग आयर्न 330 ते 350 अंश सेल्सियसवर, एक मिलिमीटरचं टोक, 0.5 मिलिमीटरची डाखाची तार, फ्लक्स, डाख शोषणारी तांब्याची जाळी, बारीक चिमटा, दहापट भिंग, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी) आणि मनगटाला स्थिरविजेचा पट्टा. जपानी सेटचे स्क्रू जेआयएस घडणीचे असतात. साधा फिलिप्स पेचकस त्यात घसरतो आणि डोकं खातो, म्हणून जेआयएस (जपानी मानकाचा) पेचकस घ्याच. स्क्रू चुंबकाच्या वाटीत ठेवा, कारण लांब-आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली तर लांब स्क्रू बोर्डात घुसतो. मेमरी आणि सगळ्या मेनू सेटिंग एसडी कार्डावर किंवा कागदावर उतरवून घ्या. बदलानंतर बऱ्याच सेटना पूर्ण रीसेट द्यावा लागतो, आणि रीसेटबरोबर मोजून बसवलेली फ्रिक्वेन्सीची दुरुस्तीही जाऊ शकते.

हा बदल चालतो कसा? चालू होताना सेटचा प्रोसेसर डायोडची किंवा शून्य ओहम रेझिस्टरची एक छोटी जाळी वाचतो आणि आपण कुठल्या देशासाठी बनलोय, कुठे प्रसारण करायचं ते ठरवतो. एक डायोड काढला की प्रसारणाची मर्यादा उठते. शेजारचा चुकून काढला तर सेट स्वतःला युरोपचा किंवा जपानचा समजू लागतो, बँडच्या कडा बदलतात, कधी शक्तीही. म्हणून आधी बोर्डाचा स्वच्छ फोटो, मग तुमच्याच मॉडेलच्या तुमच्याच अनुक्रमांकाच्या काळातली माहिती. एकाच मॉडेलच्या दोन वेगळ्या उत्पादन तुकड्यांत जागा बदललेली असू शकते. आजूबाजूचे भाग कॅप्टॉन टेपने झाका, फ्लक्स लावा, दोन्ही टोकं एकाच वेळी तापतील असा जरा जास्त डाख द्या आणि चिमट्याने भाग अलगद सरकवा. ओढायचा नाही. पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उखडला की महागडी दुरुस्ती. कटरने डायोड तोडण्याचा सल्लाही मिळेल. तो ऐकू नका, तुटताना पॅडवर ताण येतो आणि तो भाग परत लावता येत नाही. काढलेला डायोड टेपने एका पाकिटात चिकटवून मॅन्युअलमध्ये ठेवा. हे जमणार नाही असं वाटलं तर विक्रेत्याकडून करून घ्या, बरेच जण सदस्यत्वाचं पत्र पाहून नाममात्र पैशात करून देतात, आणि वॉरंटीचं काय ते आधी लेखी विचारता येतं.

झाकण बंद केल्यावर थेट अँटेना जोडायची नाही. आधी 50 ओहमचा, निदान 100 वॅट सोसणारा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रेझिस्टर), 10 वॅट शक्ती, आणि स्पेक्ट्रम पाहणी. कारण असं: सेटमधले लो-पास फिल्टर हॅम बँडना डोळ्यांसमोर ठेवून गटागटाने बसवलेले असतात. समजा एक फिल्टर 4 ते 8 मेगाहर्ट्झ सांभाळतो. 7.1 वर बोललात तर दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीवरचा नको असलेला सिग्नल) 14.2 वर येतो आणि फिल्टर तो गाडून टाकतो. 4.1 वर बोललात तर तोच हार्मोनिक 8.2 वर, म्हणजे फिल्टरच्या उंबरठ्यावरच, आणि तिथे अडवणूक फार तुटपुंजी. हॅम बँडवर निर्दोष ठरलेला सेट बाहेर गचाळ निघतो तो असा. एफसीसीची हॅमसाठीची मर्यादा मूळ सिग्नलच्या 43 डेसिबल खाली आहे, मार्ससाठी त्याहून कडक गृहीत धरून 50 च्या पुढे जायचा प्रयत्न ठेवा. टायनीएसए (छोटा स्पेक्ट्रम मीटर) वापरत असाल तर 100 वॅट म्हणजे +50 डीबीएम हे विसरू नका. 40 डेसिबलचा टॅप आणि त्यापुढे आणखी 30 डेसिबल अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावलात की -20 डीबीएम उरतं, ते सुरक्षित. दिसलेला हार्मोनिक सेटचा की मीटरचाच, हे तपासायला आणखी 10 डेसिबल घाला. मूळ सिग्नल दहाने आणि हार्मोनिक त्याहून बराच जास्त घसरला तर दोष मीटरचा होता. सेटचाच असेल तर त्या फ्रिक्वेन्सीसाठी बाहेरून लो-पास फिल्टर.

शक्ती कमी ठेवायची सवय इथूनच लावा. सीरियल-टोन मोडेम सलग मिनिटभर बोलतो, बोलण्यातली उसंत त्याला नाही. 100 वॅटचा सेट सरासरी 30 ते 40 वॅटवर ठेवा, एएलसीची (शक्ती आपोआप आवरणाऱ्या मंडलाची) सुई हलता कामा नये. संगणकाचे ‘टिंग’ आवाज बंद करा, नाहीतर ते थेट हवेत जातात. संगणकाच्या यूएसबी केबलवर फेराइट (आरएफ, म्हणजे रेडिओ लहरी, अडवणारं कडं) हवा. आरएफ शिरून पीटीटी (बोलण्याचं बटण) अडकला तर सेट बोलतच राहतो, म्हणून टाइम-आउट टायमर तीन मिनिटांवर.

अँटेनाचा हिशेब सरळ आहे: द्विध्रुवाची एकूण लांबी मीटरमध्ये 143 भागिले मेगाहर्ट्झ. 4.5 ला 31.8 मीटर, 5.3 ला 27. आधी हातभर जास्त तार ठेवून मग कापत या. मार्सला शेजारच्या राज्यापर्यंत पोहोचायचं असतं, त्यामुळे सिग्नल सरळ वर जाऊन खाली पडायला हवा. 5 मेगाहर्ट्झला 6 ते 12 मीटर उंची पुरते. सेटमधला ट्यूनर बहुधा 3 ला 1 एसडब्ल्यूआरपर्यंतच (अँटेनाच्या न जुळण्याचं माप) निभावतो, शिवाय काही सेटचा ट्यूनर बदलानंतरही हॅम बँडबाहेर जागा होत नाही. तारेच्या मध्यावर एफटी240-31 रिंगवर 10 ते 12 वेढ्यांचा चोक (केबलवरून आरएफ परत येऊ न देणारं वेटोळं) घाला. विजेच्या संरक्षणासाठी वेगळा अर्थ रॉड ठोकला असेल तर तो घराच्या मुख्य अर्थिंगला 6 एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप) तांब्याने जोडलेला हवा.

वीज गेल्यावरचा हिशेब कागदावर मांडा. ऐकताना 1 अँपिअर, अर्ध्या शक्तीवर बोलताना सुमारे 13 अँपिअर, बोलण्याचा वाटा वीस टक्के. सरासरी 3.4 अँपिअर, दिवसाला 82 अँपिअर-तास. म्हणजे एका दिवसाला 100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. शिशाची घेतली तर दुप्पट क्षमतेची लागते आणि मग ती उचलायला दोन माणसं. तीन मीटरची 12 एडब्ल्यूजी केबल 21 अँपिअरला जवळपास 0.65 व्होल्ट खाते, 10 एडब्ल्यूजी 0.4. फ्यूज दोन्ही तारांना, बॅटरीच्या अगदी जवळ.

हवेत पहिलं पाऊल डायोड न काढताही टाकता येतं. मे महिन्यात आर्म्ड फोर्सेस डेला क्रॉसबँड चाचणी होते. लष्करी स्टेशन त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात, हॅम आपल्याच बँडवरून उत्तर देतात. मार्सच्या सरावांच्या सूचना डब्ल्यूडब्ल्यूव्हीवर तासाच्या दहाव्या मिनिटाला ऐकू येतात. 60 मीटरवर ठरलेल्या चॅनेलना मार्सशी संयुक्त सराव होतात. मात्र उघडलेल्या सेटला तिथली कुंपणं कळत नाहीत, तो कुठेही बोलतो. म्हणून परवानगीच्या फ्रिक्वेन्सी मेमरीत भरा, व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी फिरवायची) डायल लॉक करा, आणि सेटच्या कपाळावर चिकटपट्टी लावा: ‘उघडा सेट’. घरात दुसरं कोणी हॅम असेल तर ही पट्टी विशेष लागते.

असा सेट सुट्टीत पुण्या-नागपूरला घेऊन जायचा विचार असेल तर तो सोडून द्या. भारतात मार्ससारखी व्यवस्था नाही, हॅम बँडबाहेर बोलणं गुन्हा आहे, आणि साधा हॅम सेट आणायलाही डब्ल्यूपीसीची (भारताच्या रेडिओ परवाना खात्याची) आयात परवानगी लागते. विकायचा झाला तर मॅन्युअलमधलं ते पाकीट काढा, डायोड जागेवर परत डाखा, पुन्हा रीसेट द्या आणि बँडबाहेर पीटीटी दाबून सेट गप्प राहतो का ते डमी लोडवर पाहा.