दोन चॅनलच्या गिटार अ‍ॅम्पवर टोन बसवताना

आधी क्लीन, म्हणजे न फाटलेल्या स्वच्छ आवाजाचा चॅनल. बास, मिडल, ट्रेबल (खालचे, मधले, वरचे स्वर) ५ वर, गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) ३ वर ठेवा आणि आवाज बँडसोबत वाजवता तेवढाच मोठा करा. हळू आवाजात कानाला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. म्हणून घरी गोड वाटलेला टोन स्टेजवर घुमतो नि टोचतो.

मग ड्राइव्ह, म्हणजे फाटक्या आवाजाचा चॅनल. गेन हवासा वाटतो त्याहून थोडा कमीच बरा. जास्त झाला की पिकचा ठोका दबतो, कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळतात, शिट्टी सुरू होते. मिडल शून्यावर नेण्याचा मोह टाळाच, ड्रम्स-बास गिटारच्या गर्दीत गिटार मिडलमुळेच ऐकू येते.

दोन्ही चॅनलना इक्यू (बास-मिडल-ट्रेबलचे नॉब) एकच असेल तर तो ड्राइव्हसाठी लावा. क्लीनचा टोकदारपणा गिटारच्या टोन नॉबने उतरवा. शेवटी फूटस्विच (पायाने चॅनल बदलायचे बटण) दाबत दोन्ही चॅनलचे व्हॉल्यूम जुळवा.