कृष्णाकाठच्या गारगोटीत किडा शोधताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की साताऱ्यातली पोरं खिशातून गारगोट्या काढतात. "सर, ह्यात किडा हाय." स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या चर्टबद्दल, म्हणजे प्राचीन झाडं आणि बारीक प्राणी जसेच्या तसे बंद झालेल्या गारगोटीसारख्या दगडाबद्दल, त्यांनी कुठंतरी वाचलेलं असतं. विल्यम मॅकी या डॉक्टरला १९१२ मध्ये हा दगड तिथल्या शेतांच्या दगडी कुंपणात सापडला.

पहिली चूक इथंच होते: दोन्ही दगड सारखेच समजले जातात. ऱ्हायनीचा दगड सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वीचा, गरम झऱ्यांच्या पाण्यातून सिलिका साचून झालेला. आपली गारगोटीही सिलिकाच, पण ती काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत भरलेली, आणि तो पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आत शेवाळासारख्या फांद्या दिसल्या तर भिंगातून बघा: बहुतेकदा ती खनिजाची नक्षी असते, पेशी एकही दिसत नाही. ऱ्हायनीच्या झाडांच्या पेशींच्या भिंतीसुद्धा शाबूत आहेत.

हातोडा तर मारूच नका. ऱ्हायनीच्या दगडातले प्राणी पाहायला संशोधक दगड कापतात आणि चकती प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

"उकळत्या पाण्यात पडून मेले" असं तक्त्यावर लिहू नका. हे जीव झऱ्यापासून दूर, निवलेल्या पाण्याच्या डबक्यांत आणि ओलसर झाडोऱ्यात राहायचे. सिलिकायुक्त पाणी तिथवर पसरायचं आणि कुजण्याआधीच त्यांना दगडात बंद करायचं.

ऱ्हायनीच्या दगडातल्या पॅलिओकॅरिनस या प्राण्याला सरसकट कोळी म्हटलं जातं. तो कोळ्यांचा नातेवाईक, ट्रिगोनोटार्बिड नावाच्या नामशेष गटातला. जाळं विणायचे अवयव त्याला नाहीत आणि पोटावर पट्ट्यापट्ट्यांचं कवच आहे. पुस्तकाच्या पानांसारखी फुफ्फुसं मात्र दगडात स्पष्ट दिसतात, म्हणजे हा हवेत श्वास घेणारा प्राणी. एका पोरानं त्याचं परातीएवढं थर्माकोलचं मॉडेल केलं होतं. मूळ प्राणी काही मिलिमीटरचा! मॉडेल मोठं चालेल, शेजारी मोजपट्टी काढा.

"सर्वात जुना कीटक" म्हणून त्याच दगडातल्या ऱ्हायनिओग्नाथाचं नाव छातीठोकपणे लिहू नका. हाती आहेत ते मुख्यतः जबडे. २००४ मध्ये तो कीटक ठरवला गेला, २०१७ मध्ये तो गोमेच्या कुळातला असावा असं मांडलं गेलं.

ऱ्हायनिएला, म्हणजे तिथलाच स्प्रिंगटेल नावाच्या इवल्याशा जिवांच्या गटातला प्राणी, बिनधास्त घ्या. १९२६ मध्ये हर्स्ट आणि समरेंद्र मौलिक या संशोधकांनी त्याचं वर्णन केलं. त्याचे आजचे भाऊबंद पावसाळ्यात परसातला पालापाचोळा उलटला की टुणटुण उडताना दिसतात. प्रदर्शनात तेच बरणीत ठेवा.