दुसरी केबल टाकली म्हणजे बॅकअप झाला? या चुका टाळा

दोन नेटवर्क स्विचमध्ये (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेट्यांमध्ये) दुसरी केबल टाकली की हायसं वाटतं. पण इथरनेट फ्रेमला आयपी पॅकेटसारखा टीटीएल (किती टप्प्यांनंतर टाकून द्यायचं ते सांगणारा आकडा) नसतो. स्पॅनिंग ट्री (एसटीपी, म्हणजे जादा वाट अडवून ठेवून लूप टाळणारी सोय) बंद असेल तर तीच केबल लूप होते, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेला संदेश) गरगर फिरत राहतो आणि काही सेकंदांत नेटवर्क आडवं होतं. म्हणून "आमच्याकडे लूप नाहीच, एसटीपी कशाला?" असं म्हणून ते बंद करू नका. टेबलाखाली लोंबणारं केबलचं दुसरं टोक कुणीतरी भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतोच.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे रूट (एसटीपी ज्याला केंद्र धरून वाटा ठरवतं तो स्विच) कोण हे नशिबावर सोडणं. प्रत्येक स्विचची प्रायॉरिटी मुळात ३२७६८ असते आणि कमी आकडा जिंकतो. बरोबरी झाली की ज्याचा मॅक अ‍ॅड्रेस (कारखान्यात दिलेला हार्डवेअर क्रमांक) लहान, तो रूट. एकाच कंपनीच्या स्विचमध्ये लहान मॅक बहुधा जुन्याचा असतो. मग स्टोअररूममधला म्हातारा स्विच रूट होतो, कोरमधली (मधल्या मुख्य स्विचांमधली) वेगवान लिंक ब्लॉक होते आणि सगळी वाहतूक त्याच्या १०० एमबीपीएसच्या पोर्टातून रांगते. कोरला ४०९६ आणि त्याच्या जोडीदाराला ८१९२ द्या, खाली जाणाऱ्या पोर्टांवर रूट गार्ड (खालच्या स्विचला रूट होऊ न देणारी सोय) लावा.

स्विचला स्विच जोडत लांब माळही करू नका. एसटीपीचे मूळ टायमर ७ स्विचपर्यंतच्या अंतरासाठी आहेत. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचं नेटवर्क नोव्हेंबर २००२ मध्ये अनेक दिवस कोलमडलं आणि कामकाज कागदावर आलं, त्यामागे ही ओलांडलेली मर्यादा होती.

जुन्या एसटीपीला मार्ग बदलायला ३० ते ५० सेकंद लागतात. तेवढ्यात माणसं घाबरून केबली उपटू लागतात! आरएसटीपी (एसटीपीची वेगवान आवृत्ती) वापरा, पीसी-प्रिंटरचे पोर्ट एज (पुढे स्विच नसलेले) म्हणून नोंदवा आणि त्यांवर बीपीडीयू गार्ड लावा; बीपीडीयू, म्हणजे स्विचांचे एसटीपीचे संदेश, आले की तो पोर्ट बंद करतो. गार्डऐवजी पोर्टवर फिल्टर लावलात तर बीपीडीयू येणं-जाणंच थांबतं, म्हणजे तिथं लूप झालेला कळणारही नाही.

लिंक एकत्र बांधताना दोन्ही टोकं पॅसिव्ह (समोरून सुरुवात व्हायची वाट बघणारी) ठेवली तर एलएसीपीचा, म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांशी बोलून बांधलेला, गट बनतच नाही. पण मला जास्त भीती वाटते ती स्टॅटिक (असं बोलणं न होता बांधलेल्या) गटाची. मधे मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल फायबरला जोडणारी पेटी) असला की पलीकडची फायबर तुटूनही अलीकडचा दिवा हिरवाच राहू शकतो. स्विच त्या लिंकवर डेटा पाठवत राहतो आणि काही जणांचं चालतं, काहींचं नाही. अशी तक्रार आली की आधी इथंच बघा. एलएसीपी असेल तर उत्तर येणं थांबल्यावर ती लिंक गटातून निघते, फास्ट टायमरवर ३ सेकंदांत, स्लोवर ९० सेकंदांत.

दोन्ही फायबर एकाच डक्टमधून असतील तर जेसीबीचा एक घाव पुरतो. दोन्ही कोर एकाच यूपीएसवर असतील तरी तेच.

सुट्टीच्या दिवशी पिंग (जोडणी तपासणारे संदेश) चालू ठेवून मुख्य केबल काढा आणि किती पिंग हरवले ते मोजा. मग ती परत लावा आणि पुन्हा मोजा, कारण काही वेळा खंड परतताना पडतो.