बिदरीचा संग्रह करू इच्छिणाऱ्यांसाठी

दख्खनच्या सुलतानी काळात बिदर येथे बहरलेल्या बिदरी कामाचा, म्हणजे काळ्या धातूवर चांदी जडवलेल्या वस्तूंचा, संग्रह करायचा असेल, तर पहिले काही महिने काहीही विकत घेऊ नये. त्याआधी हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथील नमुने पुन्हा पुन्हा पाहावेत. सतराव्या शतकातील हुक्क्याची पात्रे बहुधा गोल असतात, तर घंटेच्या आकाराची पात्रे पुढे अठराव्या शतकात रूढ झाली, हे तिथे डोळ्यांना आपोआप कळू लागते.

बिदरीचा प्राण तिच्या काळेपणात आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून वस्तू ओततात, नक्षी कोरून तीत चांदी ठोकून बसवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या मिश्रणाने ती घासतात. त्याने धातू काळा पडतो, चांदी मात्र उजळच राहते. म्हणून हा काळा रंग मंद, खोल आणि धातूत मुरलेला दिसला पाहिजे. तो चकचकीत असेल किंवा कडेला त्याचे पापुद्रे सुटत असतील, तर तो बहुधा वरून दिलेला रंग समजावा.

वस्तू हातात आली की प्रथम ती उलटी करावी, कारण तळ सहसा कोणी सजवत नाही आणि धातू तिथे उघडा दिसतो. मग भिंगाखाली चांदी पाहावी. तारकशीत बारीक तार बसवलेली असते आणि तहनिशानमध्ये पत्र्याचे तुकडे. एखादी पाकळी निखळली असेल, तर तिच्या जागी कोरलेला खळगा स्पष्ट दिसतो. छापलेल्या नक्षीखाली असा खळगा नसतो. थोडी चांदी गळालेली जुनी वस्तू मला नव्याने भरून काढलेल्या वस्तूपेक्षा अधिक मोलाची वाटते.

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावे. विक्रेता परवानाधारक असल्याची खात्री करावी आणि वर्णनासह पावती घ्यावी.

घरी आणल्यावर तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखी ती चिंचेने मुळीच घासू नये. आम्लाने काळा थर जातो. कोरड्या मऊ कापडाने पुसणे पुरेसे आहे. उचलताना दोन्ही हातांचा आधार द्यावा, कारण जस्ताचे हे मिश्रण ठिसूळ असते आणि पडल्यास तडकते.